घरची हाक

त्या सोमवारी सकाळी म्हाळसाबाईनं शेळ्यांना हाक दिली आणि शेळ्यांच्या आधी वानरं आली.

फाल्गुन सरत आला होता. टेकडीखालच्या वाडीत, घराच्या मागच्या अंगाला तिचं शेळ्यांचं वाडगं होतं, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. शेळ्या पहाटेच सोडलेल्या, ओढ्याच्या काठानं पसरलेल्या. तिनं नेहमीसारखा जर्मनचा डबा खळखळवला. आत मूठभर ज्वारी. जीभ टाळूला लावून तिनं हाक काढली, "टुर्रर्र, ये ये ये." या हाकेला एरवी अठराच्या अठरा शेळ्या माना वर करून पळत यायच्या. आज कडुलिंबावरून धपाधप नऊ वानरं उतरली आणि कुंपणावरून आत आली. सगळ्यांच्या पुढं बांडी होती. शेपटीचा शेंडा तुटलेली म्हणून बांडी. पोटाला पिल्लू बिलगलेलं. तिनं येऊन डबा धरला आणि ओढला. म्हाळसाबाईनं सोडला नाही, तेव्हा तिनं दात दाखवले. मग म्हाळसाबाईनं डबा सोडला.

वाडग्यात तीन दिवसांची दोन करडं बांधली होती. वानरांच्या उड्यांत एक करडू खाली सापडलं आणि त्याचा मागचा पाय मुरगळला. सून शीला चुलीपुढून फुंकणी घेऊन धावत आली, तोवर एक वानर घरात शिरून भाकरीची टोपलीच घेऊन पत्र्यावर बसलं होतं. शीलानं फुंकणी आपटली, ओरडली, दगड मारला. दगडाला वानरं घाबरली नाहीत. पत्र्यावर बसून निवांत भाकरी खात राहिली.

रायभान, म्हाळसाबाईचा नवरा, ओट्यावर बसून काठीला नवी कातडी पट्टी गुंडाळत होता. तो उठला नाही. पट्टीची गाठ मारून झाल्यावर बोलला.

"डबा तूच दावलास तिला. आता ती तुला दात दावायली."

म्हाळसाबाई खाली बसून करडाचा पाय चोळायला लागली.

त्या वाडीत सगळी घरं शेळ्या-मेंढ्यांची, आणि तिथं हाक ही घराची असते. ओढ्यावर चार घरांची जित्राबं एका जागी पाण्याला आली की ज्यानं त्यानं आपली हाक द्यायची. शेळ्या बरोबर आपापल्या घरामागं निघतात. दुसऱ्याची हाक तोंडातून काढणं म्हणजे सरळ चोरी. आपली हाक बाहेर देणंही कुणाला माहीत नव्हतं. म्हाळसाबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं दोन वर्षं तिला हाक देऊ दिली नाही. शेळ्यांना पाणी भर, म्हणायची. दोन वर्षं तिनं नुसतं पाणी भरलं. मग एका सकाळी सासूनं डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, आता तू घरची झालीस. सासूच्या मागं ती हाक म्हाळसाबाईचीच झाली.

ती तिनं वानरांना दिली. कशी दिली, ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागतं.

जिंतूरच्या काही हौशी मंडळींनी समिती काढून टेकडीवर बाग केली. बाग म्हणजे चार सिमेंटची बाकडी, एक घसरगुंडी, कमान, आणि बाकी आधीपासून होतं तेच जंगल. पोरांसाठी हवा, म्हाताऱ्यांना फिरायला हवं, असं सगळं म्हणत बाग झाली. शनिवारी मारुतीचा वार म्हणून लोक केळी, फुटाणे घेऊन यायला लागले. कमानीपाशी समितीनंच एक पाटी लावली होती, 'वन्य प्राण्यांना खाऊ घालू नये.' पाटीच्या खिळ्याला लोक केळ्यांच्या पिशव्या अडकवायचे, कारण तेवढा एकच खिळा सोयीच्या उंचीवर होता.

पण वानरं खाली यायची नाहीत. वरून बघायची, पाला ओरबाडायची आणि पलीकडं जायची. निवेदिता मॅडम नावाच्या एक शिक्षिका आपल्या दोन वर्षांच्या मैथिलीला घेऊन आल्या होत्या. माकड हवं म्हणून पोरगी रडून रडून लाल झाली होती. म्हाळसाबाई शेळ्या घेऊन खालच्या वाटेनं चालली होती. तिला लेकराची दया आली. तिनं कमरेचा डबा काढला, मॅडमच्या हातातले फुटाणे त्यात टाकून खळखळवले आणि हाक दिली. आधी तिच्याच शेळ्या आल्या, लोक हसले. तिनं पुन्हा दिली. फांदीवरची तुटक्या शेपटीची एक पोर वानरी शेळ्यांकडं बघत बघत खाली उतरली आणि तिनं म्हाळसाबाईच्या तळहातावरून फुटाणे उचलले. तिची बोटं गार आणि मऊ होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जन्मात कुणी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिला ते आवडलं, यात काय खोटं सांगायचं.

मॅडमनी फोनवर व्हिडिओ काढला आणि तो सगळीकडं फिरला. सेलूहून, परभणीहून गाड्या यायला लागल्या. कमानीपाशी म्हाळसाबाई फुटाण्यांच्या पुड्या घेऊन बसायला लागली, शीला घरी फुटाणे भाजायला लागली. समितीचे अध्यक्ष बापू, पांढरे बूट घालणारे निवृत्त गृहस्थ, यांनी खूश होऊन तिला बागेचा खालचा उतार शेळ्यांना चारायला मोकळा करून दिला. उतारावर अंजनाची झाडं, दाट झुडपं आणि बारमाही पाण्याचं टाकं होतं. उन्हाळ्यात वाडीतली बाकी घरं शेळ्या घेऊन पूर्णेकडं, नदीकाठाला भटकायची. म्हाळसाबाईच्या शेळ्या त्या उतारावर जगायच्या.

निवेदिता मॅडमनी तर तिला नात्यातच ओढलं. मावशी म्हणायच्या. संक्रांतीला हळदीकुंकवाला जिंतूरच्या घरी बोलावलं, बायकांना सांगितलं, ह्या आमच्या मावशी. खुर्चीवर बसवलं. घरी येऊन म्हाळसाबाईनं ते शीलाला तीन वेळा सांगितलं. मॅडम वाडीतही यायच्या, चुलीपुढं बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायच्या. भागवत, म्हाळसाबाईचा मुलगा, पूर्णा गावाला रेल्वेच्या ठेकेदाराकडं मजुरीला होता. सणाला आला की तोसुद्धा आईला चिडवायचा की तुझी मोठी लेक शहरात राहते.

एकट्या जीवननंच तोंडावर सांगितलं होतं. जीवन फॉरेस्टचा गार्ड, इकडचाच, पस्तिशीचा. दोन वर्षांपूर्वी तो कमानीपाशी मोटारसायकल लावून तिच्या पुड्यांपुढं बसला. वानराचं पोट पाल्याचं असतं, फुटाणे-बिस्किटं त्याला सोसत नाहीत, ती एका जागी गोळा झाली की भांडतात, रोग पसरतो, रस्त्यावर गाड्यांखाली येतात, असं सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. म्हाळसाबाईनं मान खाली घालून ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "आई, तुमाला वाटतं तुमी खाऊ घालायलात. तुमी त्यायची भीती काढून घ्यायलात. भीती गेल्यावर जंगलातलं जनावर जास्ती दिवस जगत न्हाई."

निवेदिता मॅडम तिथंच उभ्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मावशी, सरकारी माणसांना एवढंच येतं, तुम्ही बोलवा. म्हाळसाबाईनं बोलावलं. तिला त्या पोरासारख्या गार्डाचा रागही आला होता.

मग जीवन म्हणाला तसंच होत गेलं. एका वानराच्या पाठीचे केस गेले. एक थोराड वानर जीपच्या मागं धावताना जिंतूर रस्त्यावर चिरडलं. लोकांनी फोटो काढले आणि दुसऱ्या शनिवारी आणखी केळी आणली. वानरं बायकांच्या पर्सा ओढायला लागली, डबे हिसकायला लागली. हाकेची वाट बघेनाशी झाली. पालाही फारसा खाईनात. दिवसभर कमानीवर बसून रस्त्याकडं बघत राहायची, पाहुण्यांची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. आणि आता सोमवारी ती वाडग्यात उतरली होती.

म्हाळसाबाईनं ठरवलं, बस. आता बोलवायचं नाही, पुड्या विकायच्या नाहीत. शनिवारी ती बागेत गेली ती रिकाम्या हातानं, शेळ्या उताराला लावून. मॅडम कमानीपाशी परभणीचे पाहुणे घेऊन उभ्या होत्या. मैथिली आता सहा वर्षांची झाली होती. तिनं पाठीमागं क्रीमच्या बिस्किटांचा पुडा धरला होता. म्हाळसाबाईनं जवळ जाऊन सोमवारचं सगळं सांगितलं, करडाच्या पायाचंही. मॅडमनी अरेरे केलं. मग तिचा हात हातात घेतला.

"मावशी, एकदाच. हे लोक एवढ्या लांबून फक्त तुमचं बघायला आलेत. माझी इज्जत ठेवा."

इज्जत म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही. ज्या बाईनं चारचौघींत खुर्ची दिली तिला नाही कसं म्हणायचं? तिनं हाक दिली.

वानरं आली. बांडी सगळ्यांत पुढं. तिनं म्हाळसाबाईचे दोन्ही हात बघितले, रिकामे होते. मग तिला बिस्किटांचा वास आला. मैथिलीनं पुडा आणखी मागं लपवला, मोठ्यांशी खेळावं तसा, आणि हसली. बांडीनं झेप घेतली. पुडा सुटला नाही म्हणून तिनं दंडाला चावा घेतला. म्हाळसाबाई मधे पडली. पोरीला पोटाशी धरून ती खाली बसली आणि बांडीचे दात आता तिच्या मनगटात रुतले. काही क्षण कुणी पुढं आलं नाही. एका पाहुण्यानं फोन मात्र धरून ठेवला होता.

मॅडमनी पोरगी तिच्या कुशीतून ओढून घेतली. गाडी सुरू झाली. गाडीत मागं एक जागा मोकळी होती. म्हाळसाबाईच्या मनगटातून रक्त गळत होतं, तिनं पदर गुंडाळला होता. तिला कुणी चला म्हटलं नाही. लेकरू जखमी झाल्यावर आईला कसली शुद्ध असणार, असं तिनंच स्वतःला समजावलं.

रायभान तिला एसटीनं दवाखान्यात घेऊन गेला. जखम धुतली, टाके नाही घातले, सुया दिल्या, पुढच्या सुयांच्या तारखा दिल्या. बाहेरच्या बाकावर मॅडम मैथिलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीच्या दंडाला पांढरी पट्टी. म्हाळसाबाई जवळ गेली, आपला बांधलेला हात पुढं करून तिनं पोरीच्या गालाला लावला. तेव्हा मॅडम नर्सकडं वळून म्हणाल्या, "हीच ती बाई."

म्हाळसाबाईनं हात मागं घेतला. मावशीची बाई कधी झाली, ते तिला कळलं नाही.

बुधवारी समितीनं तिला बागेत बोलावलं. बाकड्यांवर समितीची मंडळी बसली होती, मॅडम होत्या, जीवनही होता. तिला कुणी बस म्हटलं नाही. रायभान तिच्या मागं काठी टेकून उभा. बापूंनी आधी पाटीकडं बोट दाखवलं, की आम्ही पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं आहे. मग मॅडम बोलल्या. खालच्या आवाजात, नीट, शाळेत शिकवतात तसं. ही बाई धंद्यासाठी वानरं बोलावते, आपण तिला कितीदा सांगितलं, तिनं ऐकलं नाही. पुरावा म्हणून त्यांनी तो पहिला व्हिडिओ लावला.

तो व्हिडिओ म्हाळसाबाईनं शंभरदा बघितला होता. त्याच्या सुरवातीला मॅडमचाच आवाज होता, "मावशी, अजून एकदा, अजून एकदा." आज तो आवाज नव्हता. व्हिडिओ सुरूच तिच्या हाकेपासून झाला. बाकड्यांवरची माणसं ती हाक ऐकत तिच्याकडं बघत होती. आपल्या सासूची हाक अशी गुन्ह्यासारखी वाजलेली ऐकून तिचे कान तापले.

"मॅडम," ती म्हणाली, "याच्या आधी तुमी बोलल्या होत्या. ते कुठं गेलं?"

मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला. बापू म्हणाले की वाद वाढवायला बोलावलेलं नाही. जीवननं सांगितलं की कुणीच बोलावलं नसतं तर कुणीच चावलं नसतं, दोष वाटून घ्यायला सगळ्यांनाच पुरेल. त्याचं बोलणं कुणाला आवडलं नाही.

ठरलं ते असं. टोळी पकडून लांबच्या जंगलात सोडायची परवानगी आली होती. पिंजरा रविवारीच आणून ठेवला होता, पण वानरं त्यात पाऊल ठेवत नव्हती. केळी बाहेरच्या बाहेर काठीनं ओढावीत तशी हात घालून ओढून नेत होती. टोळी जाईपर्यंत खालचा उतार शेळ्यांना बंद. बापूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, बाई, ती तुमच्या हाकेला येतात असं सगळं गाव म्हणतं. तुम्ही बोलवा, काम उरका, उतार तुमचा तुम्हाला परत.

घरी आल्यावर शीलानं विचारलं, काय झालं. म्हाळसाबाई सांगू लागली आणि अर्ध्यात थांबली. ओढा आटत आला होता, करडं सुकल्या आचळांना ढुसण्या देत होती. पावसाळ्याला तीन महिने होते. उतार गेला तर शेळ्या बाजाराला न्यायच्या, दुसरं काही नव्हतं.

"तिनं फसवलं मला," ती रायभानला म्हणाली. "माज्या घरची भाकर खाऊन फसवलं. आन् आता मला म्हनतेत, तू बांडीला फसव."

रायभाननं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "गार्ड नको म्हनला तवा हाक दिलीस. आता दिली न्हाईस तर शेळ्या मरत्यात. जा, आन् ती हाक तिथंच संपवून ये."

शुक्रवारी सकाळी पिंजरा बाकड्यांच्या मागं मांडला. लोखंडी जाळीचा, खोलीएवढा, एका तोंडाला वर ओढलेलं दार. जीवननं तिला दाराच्या विरुद्ध टोकाला, जाळीच्या बाहेर उभं केलं. हातात डबा, डब्यात फुटाणे. दाराची दोरी जीवनच्या हातात. समितीची मंडळी कमानीपाशी उभी होती. मॅडम आल्या नव्हत्या.

तिनं जीभ टाळूला लावली. पहिली हाक निघालीच नाही. तिनं थुंकी गिळली, डबा खळखळवला आणि हाक दिली, घरच्या शेळ्यांना देते तशी, सगळा जीव लावून. खोटी हाक तिला देताच येत नव्हती.

बांडी फांदीवरून उतरली. पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली, लोखंडाचा वास घेतला, मागं बघितलं. पिल्लानं पोटावरून डोकं बाहेर काढलं. म्हाळसाबाईनं पुन्हा हाक दिली. बांडीनं तिच्याकडं बघितलं आणि आत आली. ती आली म्हणून बाकीची आली. दोन तरणे नर मात्र बाहेरच बाकड्यावर बसून राहिले. जीवननं दोरी सोडली.

दार पडल्याचा आवाज टेकडीभर झाला. आतली वानरं जाळीवर आदळायला लागली, किंचाळायला लागली. बांडी तेवढी आदळली नाही. ती जाळीला चिकटून आली, तिथं जिथं म्हाळसाबाई उभी होती, आणि तिनं जाळीतून हात बाहेर काढला. तळहात वर केला. फुटाणे मागायला.

"आई, आता काही देऊ नका," जीवन हळूच म्हणाला.

म्हाळसाबाईनं डब्यावर झाकण दाबलं. हात तसाच बाहेर होता. पिंजरा गाडीवर चढवला, वर ताडपत्री टाकली, तोवर तो हात आत गेला नाही. पाठीमागं कमानीपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला आणि त्यात ती येऊ नये म्हणून तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली.

तिला रडू आलं नाही. मॅडमचा राग होताच, तो जन्मभर राहणार होता, आणि तो कुणाला सांगता तरी येत होता. बांडीचं हे सांगायला जागा नव्हती.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेळ्या उतारावर सोडल्या. बापूंनी शब्द पाळला होता. टाक्यावर पाणी पिऊन शेळ्या झुडपांत पसरल्या, दोन दिवसांनी पोटभर चरल्या. घरी न्यायची वेळ झाली. म्हाळसाबाई वाटेवर उभी राहिली, डबा हातात घेतला. हाक जिभेवर आली ती सवयीनं.

"टुर्रर्र, ये ये ये."

वरच्या अंजनाच्या शेंड्यावर ती दोन मागं राहिलेली वानरं बसलेली होती. हाक ऐकली आणि ती ताडकन उठली. बिबट्या दिसल्यावर वानरं जसा खाकरून इशारा देतात तसा कोरडा, खरखरीत इशारा दोघांनीही दिला, पुन्हा पुन्हा, आणि फांद्या मोडत पलीकडं पळत सुटली. तो इशारा शेळ्यांना पिढ्यान् पिढ्या कळतो. हाकेकडं निघालेल्या शेळ्या जागच्या जागी थांबल्या, कान टवकारले आणि उलट्या फिरल्या. अठराच्या अठरा, झुडपांतून, दगडांवरून, तिच्यापासून लांब पळाल्या.

ती डबा धरून उभी राहिली. पुन्हा हाक द्यायचं धाडस झालं नाही.

रायभान खालून काठी टेकत वर आला. त्यानं ऐकलं होतं. तो एका अंगाला गेला, ती दुसऱ्या अंगाला. एकेक शेळी हुडकून, शिंगाला धरून, पाठीवर थोपटून ती दोघं त्यांना वाटेला लावत राहिली. काट्यांनी तिच्या मनगटाची पट्टी सुटली. मुरगळल्या पायाचं करडू वेड्या बाभळीत अडकलं होतं, ते तिनं काखेत घेतलं. त्याची छाती अजून धडधडत होती.

वाडग्याचं तोंड काट्यानं बंद करताना रायभान म्हणाला, "उद्यापून दुसरी हाक लावू. म्हैना-दोन म्हैने जातील. शिकत्यात ती."

म्हाळसाबाईनं डबा त्याच्या हातात दिला.

"तुमी लावा," ती म्हणाली. "मी पानी भरत जाते."